भरलेलं कोणतं, रिकामं कोणतं?

मंगलानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटके भरणं. उन्हाळा लागला होता. फ्रिजचं पाणी तिला चालत नसे, घसा धरतो म्हणायची. दर उन्हाळ्यात दोन नवे मटके यायचे. एक रायपुरात गुढियारीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो त्या कुंभाराकडून, दुसरा मुद्दाम लांबच्या दुसऱ्या कुंभाराकडून. त्या सकाळी एका बाजूनं तिनं धरलं, एका बाजूनं मी, आणि दोन्ही मटके तिवईवर चढवून भरले. नव्या मटक्याचं पहिलं पाणी मातीचं लागतं. ते दिवसभर ठेवून फेकायचं असतं.

"उद्या सकाळी झाडाले टाका जी," ती म्हणाली. "विसरसान तुम्ही. तुमचं ध्यान त्या रेडिओत हाये."

ध्यान रेडिओत होतं, खरं आहे. आदल्या दिवशी रेडिओ स्टेशनच्या साहू मॅडमचा फोन आला होता की तिथल्या कॉम्प्युटरच्या दोनपैकी एक डिस्क मेली. नवीन डिस्क आणून मी फ्रिजवर ठेवली होती. मंगलानं ओल्या हातानंच हळदीच्या डब्यात बोट बुडवलं आणि नव्या डिस्कच्या मुठीवर, धरून ओढायची असते तिथं, पिवळा ठिपका लावला.

"हळदीवालीच मेली ना?"

"हव. कुंकवाची जिती आहे."

"मंग जा लवकर. एकटीवर किती दिवस टाकसान."

जेवून जातो, म्हटलं. ती पोळ्या करायला आत गेली. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती नव्हती. हृदय म्हणाले डॉक्टर. मुलगी सुनीता भिलाईहून आली, मंगलाचा भाऊ गोंदियाहून आला, आणि सूर्य मावळायच्या आत सगळं आटोपलं. मळवट भरून नेली तिला. इतकंच लिहितो.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले होते. म्हणाले, काका, रेडिओचे किस्से लिहा, मजेदार लिहा. मी आठवी नापास माणूस. शुद्धलेखन तुम्हीच पाहा, म्हटलं. मजेदार जेवढं आहे तेवढं लिहितो. बाकी जे आहे तेही त्यातच येईल, ते कापू नका.

माझा धंदा दुरुस्तीचा. वडील रेल्वेत होते म्हणून आम्ही इकडे आलो. मी नोकरीत गेलो नाही, गुढियारीत टेप, रेडिओ, टीव्ही दुरुस्त करत बसलो. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि एकाएकी जो तो ऑफिस उघडायला लागला. ऑफिस म्हटलं की कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटर आला की तो बिघडणार. मला इंग्रजी येत नव्हतं, पण बिघाड कोणत्याच भाषेत नसतो. मी पेचकस घेतला, स्क्रू उघडले आणि शिकलो. कोणी शिकवलं नाही. जे जळलं त्यानं शिकवलं.

चौबे कॉलनीत एका घराच्या वरच्या मजल्यावर एक छोटं रेडिओ स्टेशन निघालं. दोन खोल्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, गच्चीवर खांब. शहराच्या बाहेर गेलं की आवाज संपला. पण त्या लोकांनी एक काम मोठं केलं. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायांची गाणी भरून आणली. लग्नाची, सुगीची, रडायची. त्यातल्या कितीतरी बाया आता नाहीत. त्यांची गाणी दुसरीकडे कुठंच नाहीत, त्या एका कॉम्प्युटरात आहेत. साहू मॅडमनं मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं आणि म्हणाल्या, "अंकल, ये गया तो सब गया. कुछ ऐसा करो कि एक मर जाए तो दूसरा चलता रहे."

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरात एक डिस्क असते, तिच्यात सगळं साठतं. ती फिरते, आणि फिरणारी वस्तू कधी ना कधी थांबते. म्हणून दोन डिस्क लावायच्या आणि मशीनला सांगायचं की जे लिहिशील ते दोघींवर एकदम लिही. एक बंद पडली तरी दुसरीवरून गाणं चालू राहतं, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग मेलेली काढायची, नवी लावायची, आणि जित्या डिस्कवरून नव्या डिस्कवर सगळं उतरवायचं. या धंद्यात याला मिरर म्हणतात. आरसा.

स्टेशनसाठी मी एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क आणल्या होत्या. मंगला भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "या दोघी कशाले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग दोन्ही एकाच भट्टीच्या काहून आणल्या? माती कच्ची निघाली तर दोन्ही संगंच फुटतीन ना." मी म्हटलं, ही माती नाही, तू आपली भाजी निवड. रात्रभर ते डोक्यात राहिलं. सकाळी जाऊन एक डिस्क परत केली आणि सदर बाजारच्या मागच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणली. दुकानदार म्हणाला, काका, दोनों एक जैसी लगती हैं, सब लोग ऐसे ही लगाते हैं. मी म्हटलं, माझ्या घरी नाही चालत. पुढे एका ऑफिसात एका खोक्यातल्या दोघी मागोमाग गेल्या. ते मी घरी सांगितलं नाही. ती डोक्यावर बसली असती.

आरशाच्या दोन खोडी आहेत, त्या लोकांना मी आयुष्यभर समजावत बसलो.

पहिली खोड. स्टेशनवर एक निवेदक होता, आवाज गोड, बोटं चंचल. त्यानं जागा करायला जुनं काही पुसलं, त्यात एका म्हातारीचं गाणं गेलं. मला फोन. "अंकल, टेन्शन नहीं है, दूसरी डिस्क पे तो होगा ही." मी म्हटलं, भैया, आरशासमोर तू मिशी काढलीस तर आरशातली राहते काय? तो हळूच म्हणाला, "तो फिर मिरर का फायदा क्या?" फायदा डिस्क मरण्यापुरता आहे. माणसाच्या मूर्खपणावर आरसा काय करणार? त्याला मॅडमनी पुन्हा त्या गावी धाडलं. म्हातारीनं विचारलं, "काबर आए हस? पहिली बार बने नइ गाय रहेंव का?" म्हणजे, परत का आलास, पहिल्यांदा मी चांगलं गायले नव्हते का? त्यानं काय उत्तर दिलं माहीत नाही. गाणं मात्र तिनं पुन्हा गायलं, आणि या खेपेला दुप्पट लांब.

दुसरी खोड जास्त वाईट. एक मेली तरी काही थांबत नाही. गाणी चालूच. म्हणून कोणाला कळत नाही. कळावं म्हणून मी कॉम्प्युटरच्या पेटीत शिट्टी बसवली होती, डिस्क मेली की टीं टीं वाजायची. एका पावसाळ्यात शिट्टी वाजली, तर निवेदकाला वाटलं हे वेळ सांगण्याचं नवीन मशीन आहे. माइकमधून ते टीं टीं शहरभर चाललं. शेवटी एका रिटायर मास्तरांचा स्टेशनला फोन आला, की तुमचं घड्याळ फार घाई करून राहिलं, त्यावर मी माझं मिळवू की नको? तेव्हा मॅडमना समजलं. मी गेलो तर पेटीभोवती उशी बांधलेली. आवाज येऊ नये म्हणून. मी म्हटलं, मॅडम, घरात कोणी कण्हत असलं तर त्याच्या तोंडावर उशी ठेवता काय तुम्ही? त्या हसल्या. मी नव्हतो हसत.

ठिपक्यांचं सांगतो. पहिल्या दसऱ्याला स्टेशनवर मशीनची पूजा होती. मॅडमनी मंगलाला आग्रहानं बोलावलं. तिनं पेटीतल्या दोन डिस्क पाहिल्या. "दोघी सारख्याच दिसतात. ओळखता कशा?" मी म्हटलं, डावी आणि उजवी. "अन् बाहेर काढल्या तर?" पेन्सिलीनं खूण करतो, ती पुसते, म्हटलं. तिनं मग डावीला नुसती हळद लावली आणि उजवीला नुसतं कुंकू. पुजारी म्हणाला, बाई, दोघींना दोन्ही लावा. ती म्हणाली, "महाराज, तुमची पूजा तुम्ही करा, मले ह्यांचं काम सोपं करू द्या." त्या दिवसापासून स्टेशनवर सगळे तसंच बोलायचे. मॅडम फोनवर म्हणायच्या, "अंकल, हल्दी वाली आवाज कर रही है." कोणी याचा वेगळा काही अर्थ लावू नका. ती ओळखायची खूण होती, बस. पण लागली कामाला.

कारण या धंद्यात सगळ्यात मोठं संकट डिस्क मरणं हे नाही. नवी डिस्क लावल्यावर मशीन विचारतं, कुठून कुठं उतरवू? तिथं उलटं सांगितलं तर ते रिकामं भरलेल्यावर उतरवतं. तक्रार करत नाही, दोनदा विचारत नाही. मन लावून पुसतं. सदर बाजारात एक फोटो स्टुडिओवाले होते, लग्नाचे फोटो काढायचे. हे काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. मला बोलावलं तेव्हा त्यांच्या दुकानात लाइट चालू होते, पंखा चालू होता, गिऱ्हाईक बसलं होतं, आणि ते काउंटरमागे जमिनीवर बसले होते. म्हणाले, "भैया, दोनों बराबर हो गईं. दोनों खाली." एक नवरी दुसऱ्या दिवशी अल्बम घ्यायला येणार होती. मी हात लावून पाहिला, काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. चहा आला, तो तसाच राहिला.

घरी येऊन मी मंगलाला सांगितलं. तिला कॉम्प्युटर कळत नव्हता, पण हे कळलं. म्हणाली, "मटक्यातून मटक्यात पाणी ओततानी मानूस पाहते ना, भरलेलं कोनतं, रिकामं कोनतं. तुमचं मशीन आंधळं हाये. तर तुम्ही बोलून पाहा." "कोणाशी बोलू?" "माझ्याशी बोला. मी काय, घरीच तर असतो."

तेव्हापासून ती रीत झाली. कुठंही असलो, बटण दाबायच्या आधी घरी फोन. आधी घरातल्याच दुकानाच्या फोनवर, मग तिच्या मोबाइलवर. ती हातातलं काम न सोडता विचारायची, "भरलेलं कोनतं?" मी पाहून सांगायचो. "रिकामं कोनतं?" पुन्हा पाहून सांगायचो. "मंग ओता," म्हणायची आणि फोन ठेवायची. गिऱ्हाइकं हसायची. एक बँकेचा साहेब म्हणाला, काका, घर में परमिशन लेनी पड़ती है क्या? हव साहेब, म्हटलं, घ्यावी लागते. माझ्या हातून कधी उलटं ओतलं गेलं नाही. यात माझी हुशारी नाही. मोठ्यानं बोलायला लागलं की माणूस पाहतो. आणि ऐकणारं कोणी असेल तरच मोठ्यानं बोलतो.

लोक मला आता विचारतात, रेडिओवाल्यांकडे काकूंचा आवाज असेल ना? नाही. मॅडमनी कितीदा म्हटलं, दीदी, एक पदार्थ तरी सांगा माइकवर. तिनं नाही सांगितला. "मी हवेत कोनाशी बोलू?" म्हणायची. तिला समोर माणूस लागायचा, नाहीतर फोनच्या त्या टोकाला मी. तिचा आवाज कुठल्याच डिस्कवर नाही. ज्या बाया कधी भेटल्या नाहीत त्यांची गाणी मी सांभाळली. असो.

तर मंगला गेली त्या रात्री घर भरलेलं होतं. सकाळी उठलो आणि मटक्यांपाशी गेलो. एक रिकामा, दुसरा अर्धा. आदल्या दिवशी आलेल्या लोकांनी ते पहिलंच पाणी पिऊन टाकलं होतं. मातीचं लागलं असणार. एकानंही तोंड वाकडं केलं नाही, विचारलंही नाही. राहिलेलं अर्धं मी अंगणातल्या कढीपत्त्याला टाकलं. मग दोन्ही मटके एकट्यानं उतरवले, धुतले, भरले, चढवले. एक बाजू धरायला कोणी नसलं की मटका पोटाशी धरावा लागतो. सदरा भिजला.

फ्रिजवर ती नवीन डिस्क होती. पिवळा ठिपका वाळला होता.

मी डिस्क पिशवीत टाकली तर सुनीता म्हणाली, "बाबा, आज कुठे?"

"रेडिओवर."

मंगलाचा भाऊ उठून आला. "भाऊजी, सुतक हाये. लोक काय म्हनतीन?"

"मशीनले सुतक नाही लागत," मी म्हटलं.

"बाबा, कल चले जाना ना," सुनीता रडायला लागली. लहानपणी मराठी बोलायची. आता रडतेही हिंदीत.

मी तिला सांगितलं, तिकडे एक डिस्क एकटी चालून राहिली आहे. त्या सगळ्या बाया तिच्या भरवशावर आहेत. तुझ्या आईनंही कालच जा म्हटलं होतं. लवकर येतो. आणि निघालो. कोणी अडवलं नाही. माझ्या मागे ते म्हणाले असतील ते म्हणाले असतील.

चौबे कॉलनीत पोचलो तेव्हा सकाळच्या प्रसारणाची सभा नुकतीच संपली होती. संध्याकाळपर्यंत मशीन मोकळं. साहू मॅडम हिशेबाच्या खोलीत होत्या. मी काही सांगितलं नाही. त्यांनी भिजलेला सदरा पाहिला. पेटी उघडली. डावीकडची मेलेली काढली. तिच्यावर मागच्या दसऱ्याची हळद होती, बोटाची रेघ न् रेघ दिसत होती. ती मी पिशवीत टाकली. दुकानदाराला परत दिली तर बदलून मिळते. मी दिली नाही, अजून घरी आहे. मग नवीन लावली. मशीननं नेहमीचं विचारलं, कुठून कुठं?

हात आपोआप फोनकडे गेला. मी काही विचार केला नाही. नेहमी जातो तसा गेला. नंबर लावला.

आणि माझ्याच छातीवर फोन वाजला. आदल्या दिवशी दवाखान्यात नर्सनं तिचा मोबाइल माझ्या हातात दिला होता, मी वरच्या खिशात टाकला होता. तोच सदरा पुन्हा अंगावर चढवला होता. तो काढला. दोन हातांत दोन फोन, एक लागून राहिला आहे आणि दुसरा वाजून राहिला आहे. गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत आवाज कुठं जातच नाही. तिथंच राहतो.

मॅडम दारात आल्या. "अंकल, फोन उठाइए ना. किसका है?"

त्यांनी जवळ येऊन वाजत्या फोनवर माझंच नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी फोन कापला. तेव्हा सांगितलं. काल, म्हटलं. दुपारी.

त्या तिथंच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "अंकल, आप घर जाइए. मैं किसी और को बुला लूँगी."

दुसरा कोणी येईल, मला माहीत होतं. तो हळद-कुंकू पाहणार नाही, डावं-उजवं पाहील, कदाचित बरोबरच करील. पण कदाचित. आणि स्क्रीनवर ते उभंच होतं, कुठून कुठं. मला दिसत होतं, उजवीवरून डावीवर. डोळ्यांना दिसत होतं, पण बोट काही पुढे जाईना. इतकी वर्षं केलं, हजारदा केलं, आणि त्या दिवशी मला उजवं कोणतं तेच खात्रीनं सांगता येईना. त्या स्टुडिओवाल्यांचं तोंड समोर आलं.

"मॅडम," मी म्हटलं, "एक काम करो. मुझसे पूछो, भरा हुआ कौन सा है."

त्यांना समजलं नाही असं वाटलं. पण त्या तिथं पुष्कळदा उभ्या राहिल्या होत्या, मी फोनवर बोलत असताना. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "भरा हुआ कौन सा है, अंकल?"

मी पेटीत वाकून पाहिलं. उजवी. लाल ठिपका.

"कुंकवाचं."

"और खाली?"

डावी. पिवळा. कालचा.

"हळदीचं."

मंगला विचारायची तसं नव्हतं ते. ती भाजी चिरत विचारायची, घाईत, जशी काही मी तिचा वेळ खातो. मॅडमनी फार हळू विचारलं, आजाऱ्याला विचारतात तसं. आणि "मंग ओता" कोणी म्हटलं नाही. थोडा वेळ मी त्यासाठी थांबलो, हे खरं आहे. मग दाबलं.

दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. आधी उजवा, त्याच्या मागे डावा.

मॅडम म्हणाल्या, "अब जाइए अंकल. ये तो अपने आप होता रहेगा."

"मालूम है," मी म्हटलं. खुर्ची ओढली, दिव्यांसमोर ठेवली, आणि बसून राहिलो.